सडपातळ अंगातली चरबी

पंचेचाळिशीतला एखादा माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला, की नागपुरात महालापासून मानेवाड्यापर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न ऐकू येतो. "इतका सुकडा माणूस, त्याले काहून अटॅक आला?" विचारणाऱ्याच्या आवाजात दुःख असते, तशी थोडी तक्रारही असते. गेलेल्याला ढेरी नव्हती, लग्नातला कोट त्याला अजून बसत होता. समोरच्या घरातले शंभर किलोचे काका मात्र रोज सकाळी तर्री-पोह्यांवर आडवा हात मारून ठणठणीत! मग कोणी 'नशीब' म्हणतो, कोणी 'टेन्शन' म्हणतो आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात.

काका सुरक्षित आहेत असे मुळीच नाही, त्यांच्याकडे आपण नंतर वळू. पण त्या सडपातळ माणसाबद्दलच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आज वैद्यकशास्त्राकडे आहे. अभिमानाची गोष्ट अशी, की त्यातला मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन शोधला गेला आहे.

ज्याचे वजन कमी, त्याच्या अंगात चरबीही कमी, हे आपण गृहीतच धरतो. विवाहविषयक जाहिरातीतला 'सडपातळ बांधा' हा शब्द आपल्याला आरोग्याच्या दाखल्यासारखा वाटतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का मिळाला तो सातासमुद्रापलीकडे. लंडनच्या पश्चिमेला साउथॉल नावाचे उपनगर आहे, तिथे भारतीय उपखंडातून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे. या लोकांना गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा हृदयविकार जास्त का होतो, याचा शोध पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९९१ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याचा मथितार्थ असा, की आपल्या लोकांची चरबी कमरेभोवती साठते, त्यांच्या रक्तात इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइड जास्त असते आणि एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, कमी असते. पुढे ५२ देशांत 'इंटरहार्ट' नावाची पाहणी झाली. तिचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांतल्या माणसाला ५८.८व्या वर्षी. जवळजवळ सहा वर्षांचा फरक. या सहा वर्षांत आपल्याकडे मुलीचे लग्न असते, मुलाचे शेवटचे वर्ष असते, घराचे हप्ते असतात.

दोन डॉक्टर, एक फोटो

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे जुने स्नेही. २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो छापून आला. दोघेही दिसायला सारख्याच बांध्याचे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बॉडी मास इंडेक्स काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी आदर्श. मग क्ष-किरणांच्या यंत्राने दोघांच्या अंगातली चरबी मोजली. युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

सोबतच्या मजकुरात दोघांनी स्वतःची थट्टाही करून घेतली आहे. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ती पकडणे. थट्टेच्या पाठीशीच एक गंभीर नोंद आहे: याज्ञिकांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते. त्या एका नोंदीत सगळ्या संशोधनाची किल्ली दडलेली आहे.

१९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर तेव्हा म्हणत होते, की प्रौढपणीच्या हृदयविकाराचे मूळ आईच्या पोटात असते. जुन्या दप्तरांतली जन्मवजने शोधून, ती बाळे साठ-सत्तर वर्षांनी कशाने गेली हे त्यांनी पडताळले होते. कमी वजनाची बाळे पुढे हृदयविकाराने जास्त गेली होती. पुण्याच्या मंडळींनी उलटा रस्ता धरला. जुनी दप्तरे चाळण्याऐवजी त्यांनी बाया गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांचे वजन किती, त्या खातात काय, विहिरीवरून पाणी किती आणतात, शेतात किती राबतात, आणि मग बाळ कसे जन्मते. या आयांचे सरासरी वजन होते ४२ किलोच्या आसपास. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळे होती साडेतीन किलोची.

इतके कोणालाही अपेक्षित होते. नवल पुढेच होते. बाळाचा दंड मोजला, पोटाचा घेर मोजला, पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली. आपली बाळे इंग्लिश बाळांपेक्षा सगळ्याच बाबतींत लहान, पण सारखी लहान नव्हती. दंडाचे स्नायू फार लहान होते आणि पोटातल्या अवयवांचा अंदाज देणारा पोटाचा घेर तर सर्वांत जास्त मागे होता. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ बरोबरीची. म्हणजे आईच्या पोटात जे थोडेथोडके मिळाले, त्यातून बाळाच्या शरीराने मेंदू राखला, चरबी राखली, आणि काटकसर केली ती स्नायूंवर व यकृत-स्वादुपिंडासारख्या अवयवांवर. नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही जास्त आढळले. 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ' हे नाव २००३ साली वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाले ते इथून.

मला या सगळ्यात राहून राहून वाटते ते हे, की शोध लागला तो काही कोटी रुपयांच्या यंत्राने नव्हे. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या, कातडी मोजायचा चिमटा आणि न कंटाळता लिहिलेल्या वह्या.

रक्तात काय घडते

आता हे बाळ मोठे होऊन नागपुरात नोकरीला लागले, असे समजा. बसून काम, स्कूटरवरून जाणे-येणे, दुपारी भात, संध्याकाळी समोसा, दिवसभरात पाच कप साखरेचा चहा. खाल्लेली साखर साठवायची मोठी कोठारे म्हणजे स्नायू, आणि तीच याची जन्मापासून लहान. कातडीखाली चरबी साठवायलाही जागा बेताचीच. कोठार भरले, की जास्तीचा माल ओसरीत ठेवावा लागतो, तशी ही चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. वरून माणूस सडपातळच दिसतो.

पोटातली ही चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते. त्याच्या वाढीबरोबर एचडीएल घटते, आणि एलडीएलचे कण बारीक आणि जास्त संख्येने तयार होतात. हे बारीक कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज शिरतात. इन्शुलिनचा हुकूम शरीर मानेनासे होते, म्हणून स्वादुपिंड ते आणखी ओतते, आणि दमते तेव्हा मधुमेह उभा राहतो. हृदयविकार आणि मधुमेह हे आपल्याकडे एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसात का सापडतात, याचे कारण हे.

गंमत अशी, की या सगळ्यात एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा बिनधोक दिसू शकतो. समजावण्यासाठी दोन रिपोर्ट मांडतो. पहिल्या माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १००. दुसऱ्याचे एकूण १९५, एचडीएल ७०, ट्रायग्लिसराइड ९०, एलडीएल १०७. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्याला शाबासकी देतील. आता एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा. पहिल्याचे उरतात १४८, दुसऱ्याचे १२५. ही बाकी म्हणजे रक्तवाहिन्यांत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल, आणि ती सर्वसाधारण निरोगी माणसात १३०च्या आत असावी. पहिला माणूस, १८०वाला, धोक्यात आहे. वजाबाकी चौथीतली पोर करून देईल. तिला प्रयोगशाळेत वेगळे पैसे पडत नाहीत.

ही १३०ची मर्यादा कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शनातली आहे. खास भारतीयांसाठी असे मार्गदर्शन पहिल्यांदाच निघाले. त्यात एलडीएल सर्वसाधारण माणसाला १००च्या आत, जास्त धोका असलेल्याला ७०च्या आत आणि झटका येऊन गेलेल्यासारख्या अतिधोक्याच्या रुग्णाला ५५च्या आत सांगितले आहे. म्हणजे एकच रिपोर्ट तुमच्यासाठी चांगला आणि तुमच्या झटका येऊन गेलेल्या भावासाठी वाईट असू शकतो. पहिली तपासणी उपाशीपोटी केलीच पाहिजे असेही आता नाही. आणि 'लायपोप्रोटीन ए' नावाचा एक अंश आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावा असे सांगितले आहे. तो आईबापांकडूनच येतो, पथ्याने फारसा हलत नाही. घरात तरुणपणी झटके येण्याचा इतिहास असेल तर तो माहीत असलेला बरा.

देशाचे चित्र काय, तेही पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सर्व राज्यांत १ लाख १३ हजारांवर लोक तपासले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले २४ टक्के, आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ६६.९ टक्के! ज्या आकड्याची आपण धास्ती घेतो तो चौघांतल्या एकाचा बिघडलेला, आणि ज्याकडे बघत नाही तो तिघांतल्या दोघांचा.

गोळी आणि स्वयंपाकघर

एलडीएल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' जातीच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे विलक्षण अविश्वास आहे. "एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते" म्हणून रिपोर्ट सुधारताच बंद करणारे घरोघरी सापडतील. रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. या औषधाचा उगम बुरशीत आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७०च्या दशकात पहिले स्टॅटिन वेगळे केले. २०२४ साली ते वारले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल लागला. सुमारे साडेपाच वर्षांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले आणि सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. शंकेखोरांचे तोंड बंद झाले ते त्या निकालाने. या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात, रक्तातली साखर किंचित वाढण्याचीही शक्यता असते. त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. परस्पर बंद करू नये, आणि शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून परस्पर सुरूही करू नये.

आता काकांची तर्री. नागपुरात राहून तर्रीविरुद्ध लिहिणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर, तरीही लिहितो. वर तरंगणारे लाल तेल हा दोषाचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे. पण अंड्याला मात्र आपण विनाकारण बदनाम केले. शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवते, खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर परिणाम बहुतेकांत बेताचाच असतो. अमेरिकेच्या आहारविषयक सल्ल्यात रोज ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा वर्षानुवर्षे होती ती २०१५-२० च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. खरा शत्रू होता डालडा-वनस्पतीतले ट्रान्स फॅट. ते एलडीएल वाढवते आणि एचडीएलही पाडते. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. या गोष्टीचा गाजावाजा झाला नाही, पण ती मोठी आहे.

सावजी रश्शाला पूर्वी जवसाचे तेल लागायचे, हे जुन्या नागपूरकरांना सांगायला नको. जवस हे विदर्भाचे पीक. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीच्या मेदाम्लाचा असतो, तो अंगणातल्या इतर कुठल्याच तेलबीत इतका नाही. म्हणून जवसाचे तेल उकळून रस्सा खावा असे नव्हे. उष्णतेने ते लवकर बिघडते. आजीची भाजलेल्या जवसाची चटणी ज्वारीच्या भाकरीवर घ्यावी, हे मात्र निःशंकपणे सांगता येते. जवस मागे पडले आणि पांढरा भात, मैदा, साखर पुढे आली. ट्रायग्लिसराइड चढवते ती मुख्यतः ही दुसरी मंडळी आणि दारू. तूप सोडले आणि दोन चमचे साखर वाढवली, हा सौदा घाट्याचा आहे.

अंगात चरबी कुठे आहे हे वजनकाटा सांगत नाही, शिंप्याची टेप सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८०च्या वर गेला, की वजन काहीही असो, साखर आणि रक्तातले मेद तपासून घ्यावेत. याच टेपवर काकांचेही पितळ उघडे पडते. स्नायूंची कोठारे वाढवायची तर चालण्याबरोबर स्नायूंना ओझे पडेल असे काहीतरी हवे, जिने, दंडबैठका, काहीही. अंबाझरीला तीन फेऱ्या मारून परतताना पोह्यांच्या ठेल्यावर थांबणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आजीचे बाळसे

घरातल्या आजी-आजोबांनी वाचावा असा भाग आता येतो. बाळ लहान जन्मले, की त्याला 'भरून काढायचे' हा आपला स्वभाव. १९९९ साली केईएमच्या डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशा मुलांत इन्शुलिनला न जुमानण्याचा दोष सर्वाधिक होता. २००४ साली दिल्लीच्या १४९२ तरुणांच्या जन्मापासूनच्या नोंदींनीही तेच सांगितले. दोन वर्षांनंतर जी मुले भराभर अंग धरत गेली, त्यांच्यात पुढे मधुमेह जास्त आढळला, आणि लहानपणी त्यांना कोणी लठ्ठ म्हटलेही नसते. तान्हेपणी आईच्या दुधावर धरलेले बाळसे निराळे, आणि पाच वर्षांच्या नातवाला बिस्किटे, चिप्स देऊन आणलेले गाल निराळे.

पुण्याजवळच्या त्या खेड्यांतली बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्मी पोरे वजनाने कमी, अगदी काटकुळी. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर असायला हवी त्यापेक्षा जास्त निघाली. अठराव्या वर्षी, शेतकऱ्याच्या घरात! शहरी सुखवस्तूपणाला दोष देऊन मोकळे होण्याची सोय या आकड्याने ठेवलेली नाही.

मग आईला जास्त जेवू घातले की झाले? तेही इतके सोपे नाही. या आयांच्या आहाराच्या नोंदीत बाळाच्या आकाराशी जुळली ती पोळीभाताची रास नव्हे. जुळले ते दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे. शिवाय तीनांपैकी सुमारे दोन आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून, आणि आपल्याकडे कित्येक घरी दूध आधी डेअरीत जाते. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा दोष सर्वाधिक आढळला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. हे वाचून गरोदर बाईने फॉलिक अॅसिडची गोळी फेकू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती आवश्यकच आहे. फक्त तिच्या जोडीला बी-१२ही पुरेसे आहे ना, हे पाहायचे.

या विचारावरूनच २०१२ साली त्याच खेड्यांत नवा प्रयोग सुरू झाला. १९९३नंतर जन्मलेली ती मुले-मुली आता वयात आली होती. त्यांच्यातल्या काहींना लग्नाच्या आधीपासूनच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे साखरेच्या एका कणाहूनही कितीतरी कमी. पुढे त्यातल्या मुली आई झाल्या, आणि ज्यांचा दंड आणि पाठीची कातडी जन्मतःच चिमटीत धरून मोजली होती, त्यांच्या बाळांची मोजमापे आता त्याच पद्धतीने वह्यांत उतरली आहेत.